सोमाजीचा टोप

गिरजाबाईनं थैलीतून स्टीलचा डबा काढला आणि टेबलावर आपटला.

“याच्यात जहर हाय. तपासून पाहा.”

माधवी रामटेकेनं झाकण उघडलं, वास घेतला. “ही तर वालाच्या दाण्यांची भाजी.”

“आमच्या सुनेनं रांधली.”

“मग?”

“मंग काय? सुनेनं रांधली म्हनूनच तं आनली.”

माधवीनं कपाटातून चमचा काढला आणि दोन घास सरळ खाल्ले. गिरजाबाई खुर्चीतून अर्धी उठली. उद्या ही बाई इथंच आडवी झाली तर पोलिसांना काय सांगायचं? आणि हिच्याच भरवशावर आपण दोन तास एस.टी.त आपटत गडचिरोलीला आलो! बोर्डावर ‘गुप्तहेर’ हे शब्द तिनं अक्षराला अक्षर जोडत वाचले होते. दुसरीतून शाळा सुटली तरी तेवढं जमत होतं तिला. तिला वाटलं होतं, आत मिशीवाला, दणकट बाप्या असेल. निघाली ही किडकिडीत पोरगी. लग्नाच्या स्थळांची अन् विम्याच्या दाव्यांची चौकशी करणारी.

“मीठ कमी आहे,” माधवी चमचा ठेवत म्हणाली.

“ते तं नेहमीच रायते,” गिरजाबाई म्हणाली. तिला ही पोरगी थोडी आवडली.

“आता सांगा. जहर कोणाला?”

“आमच्या बुढ्याले.”

गिरजाबाईचा बुढा, सोमाजी लांजेवार, हा झाडीपट्टीतल्या नाटकांचा नामांकित खलनायक. तो मंचावर येऊन हसला की पुढं तरटावर बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, रोज नवा खून. आता त्याला अल्झायमर होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, त्या पोटाला मानवल्या नाहीत. मग अंगावर चिकटवायची पट्टी दिली. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, गोल, कातडीच्या रंगाची. रोज एक.

“अन् हे थंडी लागल्यापासून तीनदा पडला. दरदरून घाम, वकाऱ्या, तोंडातून लाळ. नाडी पाहाल तं चालूनच नाई राह्यली. कुरखेड्याच्या दवाखान्यात नेला का दोन दिवसात टुणटुणीत. घरी आनला का काही दिवसानं पुन्हा तेच.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हनतात, औषध जास्त गेल्यासारखं दिसते. जाईन कसं? सारं अंग तपासलं त्याईनं. पाठीवर एकच पट्टी. डबा माया पेटीत, पेटीची चाबी माया कमरेत. मी सोडून कोनी हात लावत नाई. मंग हे औषध नाई, जहर हाय.”

“आणि सुनेचाच संशय का?”

“तीनही डाव नाटकाच्या दिवशी झालं. दिवाबत्तीच्या टायमाले. आमची सारी नाटकाले जायच्या तयारीत, अन् ही एकटी त्याले चहा पाजून राह्यली. बुढा तिले चोर म्हनते, एक डाव तं ताट फेकून मारलं. राग नाई येनार तिले?” गिरजाबाईनं पदर सावरला. “मी तिच्या भावाले निरोप देल्ला. उद्या येते तो, तिले घेऊन जाते. कायमची. तुमी फक्त पुरावा द्या. म्हंजे उद्या चार मानसांत माई मान खाली नाई होनार.”

माधवीनं डब्याचं झाकण लावलं.

“ते पडले, तेव्हा तुम्ही सगळ्यांत आधी काय केलं?”

“हे काय इचारनं झालं? डोस्क्याचा दुपट्टा सोडला, त्यानंच वारा घातला, फेकला तिकडं अन् पोराले हाका मारल्या.”

“दुपट्टा डोक्यावर कायम असतो?”

“टकला हाय तो जवानीपासून. थंडीत दुपट्टा नाई तं काय मुकुट घालीन? अन् तो दुपट्टाही धड धुवत नाई ही बाई! आतून गोल गोल चिकट डाग तसेच्या तसे. साबन लावाले हात झिजतात का?”

माधवी उठली. पायात चपला सरकवल्या. “चला. उद्या भाऊ येणार असेल तर आपल्याला आजच पोचलं पाहिजे.”

* * *

दुपारच्या उन्हात दोघी गावात उतरल्या. कुरखेड्याच्या अलीकडचं, धानाच्या शेतांना चिकटलेलं गाव. मळणी आटोपली होती. चौकात आज रात्रीच्या नाटकाचा मंडप उभा राहत होता.

अंगणात सून रंजीता धान वाळत घालत होती. सासूला पाहून तिनं डोक्यावरचा पदर आणखी ओढला. माधवीच्या नजरेतून तिचे सुजलेले डोळे सुटले नाहीत. गिरजाबाईच्याही नाही, पण गिरजाबाईनं त्याचा अर्थ वेगळा लावला. चोराच्याच डोळ्यांत पाणी लवकर येतं, असं तिचं मत.

आतल्या खोलीत सोमाजी खाटेवर बसला होता. डोक्याला पांढरा दुपट्टा.

“कोन कंपनीकडून आल्या बाई?” त्यानं माधवीला विचारलं. “तारखा भरल्या माया. फुरसत नाई.”

माधवी हात जोडून हसली. मग गिरजाबाईला म्हणाली, “पट्टी दाखवा. कशी लावता तेही.”

गिरजाबाई हुरळली. हे तिचं राज्य. तिनं सोमाजीचा सदरा वर करून पाठीवरची पट्टी दाखवली. “रोज सकाळी पह्यले जुनी काढतो, मंगच नवी. आज डाव्या अंगाले, उद्या उजव्या. एकाच जागी लावली का कातडं लाल होते. डॉक्टरनं सांगतलं तसंच. याच्यात मी पोराचंही नाई ऐकत.”

“आणि जुनीचं काय करता?”

“हे पाह्य.” गिरजाबाईनं लोखंडी कपाटाच्या आरशाकडे बोट केलं. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या स्वतःच्या मरून टिकल्या चिकटवलेल्या होत्या, आणि खाली कडेकडेनं कातडीच्या रंगाच्या गोल पट्ट्या. “काढली का इथी लावून ठेवतो. मले काही कागदावर लिवता येत नाई. पन आरशाकडं पाह्यलं का समजते, कालची निघाली का नाई. मंगळवारच्या बाजाराच्या दिवशी साऱ्या काढून चुलीत. आतापावतर एकही चूक नाई!”

माधवी आरशाजवळ गेली. पट्ट्यांची रांग सलग नव्हती. मध्ये मध्ये जागा रिकामी होती आणि त्या जागी काचेवर डिंकाची गोल वर्तुळं उरली होती. तिनं एका वर्तुळाला बोट लावून पाहिलं. चिकट होतं.

“या पडल्या वाटतं.”

“पडत असतीन. ही झाडते ना घर, झाडताना केरात जाते सारं.” गिरजाबाईला त्यात काही विशेष दिसलं नाही. तिला घाई होती सुनेला बोलवायची.

पण माधवी सोमाजीकडे वळली. “भाऊ, दुपट्टा जरा सोडता?”

सोमाजीनं एकदम दोन्ही हातांनी डोकं धरलं. डोळे मोठे केले. “खबरदार! प्रयोग व्हयेपर्यंत याले कोनी हात लावायचा नाई!”

“राहू दे,” गिरजाबाई कुजबुजली. “मलेही लावू देत नाई. आंघोळीच्या वक्ताले तेवढा सोडतो. कालच पाह्यलं, टकल्यावर लाल लाल चट्टे हायेत गोल. डास चावले असतीन.”

“थंडीत डास?”

“मंग ढेकूण.” गिरजाबाईनं विषय तिथंच मिटवला.

* * *

रंजीता खाली मान घालून उभी राहिली. बोलायला तयार नव्हती.

“मामंजीचं अंग तू कधी पुसतेस? पट्टी लावतेस?” माधवीनं विचारलं.

“नाई बाई.” ती दचकली. “आमच्यात सून सासऱ्याच्या अंगाले हात लावत नाई. चहा देतो, ताट वाढतो, कपडे धुतो. बस.”

“दुपट्टाही तूच धुतेस?”

रंजीताचे ओठ हलले. मग पुन्हा मिटले. तिनं सासूकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली.

“आणखी काही सांगायचंय?”

“सांगून काय व्हते बाई? या घरात आयकते कोन? उद्या जाऊनच राह्यलो मी.”

“पाह्यलं?” गिरजाबाई म्हणाली. “जीभ पाह्य कशी चालते!”

शेजारची रुखमाबाई तर बोलावण्याआधीच कुंपणाला टेकून उभी होती. तिचं आणि गिरजाबाईचं दोन घरांमधल्या एका बोराच्या झाडावरून वर्षानुवर्षं वाकडं. ही रोज सकाळी सोमाजीला अडुळशाचा काढा देते, म्हणून गिरजाबाईच्या यादीत दुसरा नंबर तिचाच.

“रोज देतो मी काढा,” रुखमाबाई फणकारली. “रोज पडते का तो? अन् त्याच गंजातला, त्याच भांड्यातला, माया घरचे पितात. माया घरी कोन मेलं? त्यापेक्षा आपल्या सुनेले इचारा ना, कुरखेड्याच्या मेडिकलात काय इचारत व्हती ते!”

“काय?” गिरजाबाई ताठ झाली.

“मी उभी व्हती ना मांगं! म्हने, ‘याची एकापेक्षा जास्त पट्टी लागली तं मानूस मरते का?’ माया कानानं आयकलं.”

गिरजाबाईनं माधवीचा दंड धरला. डोळ्यांत विजय. “झालं! आता काय बाकी रायलं? लिवून घ्या, अन् चला.”

“अजून त्यांचा दोस्त झिंगू राहिला, एस.टी.त तुम्ही सांगितलेला,” माधवी शांतपणे म्हणाली.

“त्याच्याकडं कायले? तो दारू पाजते बुढ्याले लपून, पन मारनार नाई. तेवढी अक्कल नाई त्याले.”

“तरी भेटू. चला.”

* * *

झिंगू हा सोमाजीच्या नाटकांतला विनोदी नट. मंदिरामागे त्याचं दोन खोल्यांचं घर. पंचाहत्तरी उलटली तरी भुवया नाचवायची सवय गेली नव्हती.

“वयनी! तुमी माया घरी? आज सूर्य पूर्व सोडून मार्कंड्याकडून उगवला का?”

“तोंड आवर. ही गुप्तहेर बाई हाय.”

झिंगूनं लगेच दोन्ही हात पुढे केले. “घाला बेड्या. मोहाची मीच पाजली. पन दिवाळीलेच, थोडीशी. मांगच्या डाव तो पडला तवा तं मी वडश्याले व्हतो, पोरीकडं.”

“दारूचं नको,” माधवी हसली. “नाटकाचं सांगा. सोमाजीभाऊ कसे तयार व्हायचे?”

झिंगूचा चेहरा उजळला. “त्याच्यासारखा तयार व्हनारा दुसरा नाई! भोंग्याची गाडी गावात फिराले लागली, ‘आज रात्री, आज रात्री’ म्हनत, का हा बसलाच आरशासमोर. बाकीचे गप्पा ठोकत, याचं सुरू. अन् टोप! इतरांचे टोप मारामारीत उडून जात. एका डाव राजाचाच टोप हिरोइनीच्या हातात आला, लोक हासून हासून मेले. पन सोम्याचा टोप कधी हालला नाई. टकल्या मानसाले टोप कसा टिकते? तो आधी डोस्क्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावे, इथी, इथी, अन् इथी.” झिंगूनं स्वतःच्या कपाळाच्या वर आणि कानांच्या मागे बोटं टेकवली. “मंग वरून टोप दाबून बसवे. वरून फेटा. प्रयोग व्हयेपर्यंत कोनाले हात लावू नाई देत.”

गिरजाबाई जांभई देत होती. खुनाचा तपास सोडून ही पोरगी टोपाच्या गोष्टी ऐकते!

तेवढ्यात बाहेर रस्त्यावरून जीप गेली. वरचा भोंगा कर्कशला. “आज रात्री! आज रात्री! रसिकहो...”

माधवी ताडकन उभी राहिली.

“ही पहिल्यांदाच फिरतेय आज?”

“नाई, आता तिसरा चक्कर झाला. तुमच्या गल्लीतूनच आली असन...”

झिंगूचं वाक्य पुरं व्हायच्या आत माधवी दाराबाहेर होती. “बाई, घरी चला! पळा!”

“का झालं?” गिरजाबाई पदर खोचून मागे धावली. या वयात तिला कोणी पळायला सांगितलं नव्हतं. झिंगूही लंगडत मागून निघाला.

अंगणात पोचल्या तो रंजीता आतल्या खोलीतून बाहेर येत होती. हातात रिकामा कप.

गिरजाबाईनं झेप घेऊन तिचं मनगट आवळलं. “सापडली! चोरटे, काय पाजलं त्याले? बोल!”

“चहाच पाजला आत्याबाई! त्यायले घाम येऊन राह्यला, तुमाले बलवाले निघालो...”

“तिला सोडा,” माधवी ओरडली. “तिला सोडा आणि आत या. दुपट्टा काढा त्यांचा. आत्ता!”

सोमाजी आरशासमोर ताठ बसला होता. कपाळावर घामाचे थेंब, चेहऱ्यावर मात्र समाधान. आरशाची कड जवळजवळ कोरी झाली होती.

“काढत नाई तो,” गिरजाबाई म्हणाली. पण आवाजातला जोर गेला होता.

झिंगू पुढे आला. त्यानं सोमाजीसमोर वाकून मुजरा केला आणि नाटकी आवाजात म्हणाला, “सरकार, प्रयोग संपला. टाळ्या झाल्या. टोप उतरवा.”

सोमाजीनं थकून मान हलवली. “झाला? बरा झाला का?”

“एकदम.”

गिरजाबाईनं दुपट्टा सोडला. आतल्या बाजूला दोन गोल पट्ट्या कापडाला चिकटून आल्या. आणखी तीन त्याच्या टकलावर बसलेल्या होत्या. कपाळाच्या वर एक, दोन कानांच्या मागे दोन. बरोबर जिथं झिंगूनं बोटं टेकवली होती तिथं.

गिरजाबाईनं त्या बोटानं मोजल्या. पाच. कुंपणावरची रुखमाबाईही आता दारात येऊन पाहत होती.

* * *

माधवीनं एकेक पट्टी सोलून काढली. पाठीवरचीही. मग दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, डोकं साबणपाण्यानं धुवा, नवी पट्टी लावू नका, लगेच घेऊन या, नाडी पाहतो. गिरजाबाईचा मुलगा प्रफुल त्याची पिकअप घेऊन शेताकडून निघाला होता. सोमाजीला खाटेवर आडवं करून सगळे दाराशी बसले. माधवी त्याच्या मनगटावरचं बोट न काढता बोलू लागली.

“बाई, डॉक्टर बरोबर होते. औषधच जास्त झालं होतं. जहर बाहेरून आलं नाही. काढा रोजचा, पडणं अधूनमधून. म्हणून रुखमाबाई सुटल्या. झिंगूभाऊ शेवटच्या वेळी गावातच नव्हते. रंजीताचा चहाही रोजचा. नाटकाच्या दिवशी वेगळं काय घडतं? तुम्ही म्हणालात, सगळे संध्याकाळी निघतात. पण त्याच्या किती आधीपासून भोंगा फिरत असतो! तो ऐकला की भाऊंना वाटतं, आज आपला प्रयोग. ते आरशासमोर बसतात. आणि आरशावर काय आहे?”

“माया... पट्ट्या,” गिरजाबाई म्हणाली.

“चिकटपट्टीचे तयार तुकडे. त्यांच्या मते ते कंपनीनंच तिथं लावून ठेवलेत. वरून दुपट्टा म्हणजे टोप. अंगावरून काढली म्हणून ही पट्टी रिकामी होत नाही बाई. बरंच औषध तिच्यात उरतं. म्हणून तर ती काढल्यावर चिकट बाजू आत करून दुमडायची आणि कोणाच्या हाताला लागणार नाही अशी टाकायची असते. एका पट्टीच्या जोडीला इतक्या लागल्या की उलटी, लाळ, घाम, नाडी मंद. आज आपण वेळेत आलो.”

“मंग डॉक्टरले काऊन नाई दिसल्या?”

“कारण तुम्ही सगळ्यांत आधी दुपट्टा सोडायचात. पट्ट्या त्याच्याबरोबर निघून यायच्या. डोक्यावर राहायचे फक्त लाल चट्टे, ज्यांना तुम्ही ढेकूण म्हणालात. आणि दुपट्ट्यावर गोल डाग, ज्यांना तुम्ही सुनेचा आळस म्हणालात.”

गिरजाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. मग तिची नजर सुनेकडे वळली. हुकुमाचा पत्ता अजून तिच्या हातात होता. “अन् मेडिकलात काऊन इचारलं हिनं? मानूस मरते का म्हनून?”

“तेच मी विचारणार होते,” माधवी म्हणाली. “रंजीता, दुपट्टा धुताना तुला बादलीत पट्टी सापडली. हो ना?”

रंजीताचा बांध फुटला. “दोन सापडल्या बाई, मांगच्या डाव. मले भेव वाटला. मेडिकलवाला म्हने, धोका हाय, घरी सांगा, डॉक्टरले सांगा. कसं सांगू? पट्टीचं सारं आत्याबाईच्या हातात. मी म्हटलं असतं, तं माई पट्टी चोरली म्हनल्या असत्या. उद्या भाऊ आला का त्याले सांगनार व्हतो, तो डॉक्टरले सांगीन म्हनून...” तिनं पदरानं डोळे पुसले. “जायच्या आंधी सांगूनच जानार व्हतो. मामंजीले असं सोडून नसतो गेलो.”

झिंगूनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

गिरजाबाई उठली. आरशाच्या कडेला उरलेली एकुलती पट्टी तिनं नखानं उचकटली, चिकट बाजू आत करून दुमडली, दाबली, पुन्हा दाबली. आपल्या मरून टिकल्यांकडे एकदा पाहिलं आणि त्याही काढल्या. उद्या बुढ्याला त्यांचं काय वाटेल, काय सांगता येतं?

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. प्रफुल आणि झिंगूनं सोमाजीला उठवलं. दाराशी तो अडला. हात डोक्यावर गेला.

“माया टोप? टोपाबिगर कसा जाऊ लोकाईपुढं?”

बाहेर थंडी होती. रंजीतानं दोरीवरचा धुतलेला दुपट्टा आणला आणि सवयीप्रमाणे सासूपुढे धरला. गिरजाबाईनं तो घेतला नाही.

“तूच बांध.”

रंजीता एक पाऊल मागे सरकली. “आत्याबाई, सासऱ्याच्या अंगाले...”

“मी सांगून राह्यलो ना! मले आता त्या टकल्यावरचं धड दिसत नाई. रोज डोस्कं, कान, मान तू पाह्यजो. पाठ मी पाहीन. अन् माई काही चूक दिसली तं तोंड उघडजो. मेडिकलात नाई, मायापुढं.”

रंजीतानं दुपट्टा बांधला. सोमाजीनं आरशात पाहिलं, मान डावीकडे, उजवीकडे हलवून पाहिली. टोप जागचा हलला नाही. तो खूश होऊन आपलं जुनं, पोरांना पदरात लपवणारं हसू हसला.

पिकअपमध्ये चढता चढता गिरजाबाई मागे वळली. माधवी अजून अंगणात उभी होती, रंजीता दारात.

“अन् आयक वं! तुया भावाले फोन कर. म्हनाव, थैल्या नोको आनू. जेवाले ये.” ती जराशी थांबली. “वालाच्या दान्याची भाजी कर. मीठ मी टाकीन.”